एकच चर्च बघायचं तर तळावलीचं

"गोव्याला चाललोय, चर्च एकच बघू म्हणतो. कुठलं बघावं?" पणजीत घर असल्यामुळे मे आणि डिसेंबरात हा प्रश्न मला ठरलेला. विचारणाऱ्याने उत्तरही मनात धरलेलं असतं: ओल्ड गोव्यातलं बॉम जेझूस. मी तळावलीच्या सांतानाचं नाव घेते, मग पुढचा प्रश्न येतो, "ते कुठे आलं?" आता एकदाच सगळं लिहून ठेवते.

ओल्ड गोवा आणि पिलार यांच्या मधल्या भागात तळावली हे गाव आहे. इथलं चर्च सांत आना म्हणजे मारियेच्या आईचं, येशूच्या आजीचं. आजचं बांधकाम १६८१ ते १६९५ मधलं. सुरुवात केली फ्रांसिस्कु दु रेगु या पाद्रींनी, तडीस नेलं आंतोनियु फ्रांसिस्कु दा कुन्या यांनी. नावं पोर्तुगीज, माणसं दोघंही गोव्यातलीच. माझ्या लेखी या चर्चचं सगळं मोल इथे आहे.

तो काळ आठवून बघा. तळावली ज्या तालुक्यात येतं त्या तिसवाडीतली देवळं पाडून तोवर सव्वाशेहून अधिक वर्षं झाली होती, देव नदीपार फोंड्याकडे गेले होते. धर्मांतरित घरांतून पाद्री तयार होत होते, पण फ्रान्सिस्कन, जेझुइट अशा युरोपीय धर्मसंघांची दारं त्यांना जवळजवळ बंदच. अशा पाद्रींनी आपल्या गावात काय उभं करावं? संघांच्या तोडीस तोड इमारत! आणि ऐन बांधकामात, नोव्हेंबर १६८३ मध्ये, संभाजीराजांनी याच तिसवाडीतल्या जुवे बेटावरचा किल्ला घेतला. पोर्तुगीज व्हाइसरॉय इतका हवालदिल झाला की त्याने आपला राजदंड ओल्ड गोव्यात जपलेल्या सेंट झेवियरच्या शवाच्या हाती नेऊन ठेवला. शाळेत आपण ही मोहीम शिकतो, पण त्याच वेळी तळावलीत चिरे रचले जात होते हे कुणी सांगत नाही.

आता इमारत. समोर उभं राहिलं की आधी मान वर जाते. दोन बाजूंना दोन मनोरे, एकावर एक पाच मजले चढत गेलेले. भिंत सपाट अशी कुठे राहूच दिलेली नाही: खांब, कंगोरे, कोनाडे, आणि कोनाड्यांच्या माथ्यावर उघडलेले शिंपले. हे सगळं जांभ्या दगडाचं, वरून चुन्याचा गिलावा. जांभा सच्छिद्र, पावसात पाणी पितो. गिलावा हा त्याचा अंगरखा. पावसाळा सरला की कंगोऱ्यांखाली शेवाळाचे काळे ओघळ दिसतात. त्याला कळकटपणा म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही. (बॉम जेझूसचा लालसर रंग सगळ्यांना "अस्सल जुना" वाटतो. त्याचा गिलावा १९५० च्या दशकात खरवडून काढलाय. मूळचं तेही लिंपलेलंच होतं.)

या दर्शनी भागाचा आदर्श ओल्ड गोव्यातच होता, ऑगस्टिनियन संघाचं चर्च. तिथे आज ४६ मीटर उंचीचा एक मोडका मनोरा तेवढा उभा आहे. १८४२ मध्ये छत कोसळलं आणि हळूहळू बाकीचंही गेलं. धडधाकट असताना ते साधारण कसं दिसत असेल, याचा अंदाज तळावलीत येतो.

आत गेल्यावर छत बघायला विसरू नका. गावातल्या चर्चला सहसा लाकडी वासे आणि वर कौलं. इथे मात्र सबंध दगडी कमानछत, उभं चिरलेलं पिंप पालथं घालावं तसं. असं छत भिंतींना सतत बाहेर रेटत असतं, म्हणून भिंती भरभक्कम हव्यात. त्या तशा आहेतच, पण पोटात पोकळ ठेवल्यात. त्या पोकळीतून कुणाच्या नजरेस न पडता पाद्रीपुढे पापांची कबुली द्यायला जायची सोय होती. लहान गावात कोण कबुलीला गेलं याची चर्चा संध्याकाळच्या आत सगळीकडे होत असणार, तेव्हा ज्याला हे सुचलं त्याला गाव नीट ठाऊक होतं.

याच तळावलीत जन्मलेल्या आंतोनियु जुआंव द फ्रियश या पाद्रींनी पुढे दिवाडी बेटावरच्या पियेदादच्या चर्चचा आराखडा केला. म्हणजे हात एकदा बसल्यावर काम इथेच थांबलं नाही.

फेस्ताबद्दलही विचारता म्हणून सांगते. सांत आनाचा सण २६ जुलैचा, आणि त्या सुमाराच्या रविवारी तवशांचं फेस्त भरतं. मूल हवं असलेली जोडपी तवसं वाहतात आणि पोर्तुगीजमधून यमक जुळवून मागणं घालतात: पेपीनु घे, मेनीनु दे. काकडी घे, बाळ दे. नवरा हवा असलेली मुलगी उडीद आणते, कारण "मारीदु"शी "उरीदु" जुळतं! बायको हवी असलेला चमचा आणतो. आजीकडे मागायचं तर थट्टेत मागितलेलं चालत असावं. हिंदू घरांतली माणसंही त्यात असतात.

जायचं तर रविवारी सकाळी मिस्साच्या, म्हणजे सामूहिक प्रार्थनेच्या, सुमारास जा, इतर वेळी दार बंद मिळू शकतं. फोटो मिस्सा संपल्यावर काढा. आणि बॉम जेझूस वाटेतच आहे, तेही करा. मी काही अडवत नाही.