आमची वाटचाल : सॉफ्टवेअर फुकट, निगराणी विकत

धंदा सुरू झाला 2006 साली, नागपूरच्या सीताबर्डीत जिन्याखालच्या एका गाळ्यात. असेंबल्ड कॉम्प्युटर, लॅनचं केबलिंग, व्हायरस काढणं, कार्ट्रिज भरणं, जे येईल ते काम घ्यायचो. आज आमचा मुख्य धंदा चॅट सर्व्हर सांभाळण्याचा, म्हणजे कंपनीतले निरोप इकडून तिकडे पोचवणाऱ्या यंत्रणेचा. त्याच्याशी आमची गाठ पडली ती एका ग्राहकाच्या काटकसरीमुळे. गांधीबागेतली त्यांची कापडाची पेढी तीन मजली. वर माल शिल्लक आहे का, एवढं विचारायला पोऱ्या दिवसभर जिने चढायचा. इंटरकॉमचं कोटेशन शेटजींना जड गेलं. "तार तं तुम्ही टाकलीच हाय ना भाऊ, तिच्यावरूनच बोलता येत नाही का?" असं त्यांनी विचारलं आणि आम्ही शोधायला लागलो.

सापडला तो वाइल्डफायर नावाचा चॅट सर्व्हर, ज्याला 2007 पासून ओपनफायर म्हणतात. जावात लिहिलेला, विनामूल्य, आणि सगळी मांडणी ब्राउझरमधून करता येणारा. एका जुन्या पेंटियमवर तो चढवला, काउंटरवरच्या मशिन्सवर स्पार्क हा त्याचा चॅटचा प्रोग्रॅम टाकला आणि पेढी बोलायला लागली. त्या काळी मराठी टायपिंग म्हणजे ज्याचा त्याचा फॉन्ट. एका मशिनवरचं पत्र दुसऱ्यावर उघडलं की नुसती चिन्हं दिसायची. चॅटमध्ये मात्र देवनागरी नीट जायची, कारण यात मजकूर यूटीएफ-8 मध्येच, म्हणजे सगळ्या लिप्यांसाठीच्या एकाच ठरलेल्या संकेतपद्धतीत, गेला पाहिजे असा नियमच आहे. हिशेबनिसांना सर्व्हरपेक्षा त्याचंच कौतुक जास्त.

हा नियम कुणी केला, हे शोधताना खाली दडलेलं मानक हाती लागलं. 1999 च्या जानेवारीत जेरेमी मिलर यांनी जॅबर हे खुलं चॅट तंत्र जाहीर केलं. पुढे इंटरनेटची मानकं ठरवणाऱ्या आयईटीएफनं ते हातात घेतलं आणि ऑक्टोबर 2004 मध्ये एक्सएमपीपी या नावानं आरएफसी 3920 आणि 3921 हे मानकाचे दस्तऐवज निघाले. 2011 मध्ये सुधारून त्यांचेच 6120 आणि 6121 झाले. पाया तसा आटोपशीर आहे. क्लायंट (म्हणजे वापरणाऱ्याचं ॲप) आणि सर्व्हर यांच्यात एक्सएमएलचा एक लांब प्रवाह उघडा राहतो आणि त्यातून तीनच प्रकारचे तुकडे जातात: निरोप, हजेरी आणि विचारणा-उत्तर. ग्रुप, फाइल, जुना संग्रह हे बाकी सगळं एक्सईपी नावाच्या जोडमानकांत. पत्ता ईमेलसारखा, आधी नाव, मग ॲट, मग डोमेन. निरोप दुसऱ्या डोमेनचा असेल तर आपला सर्व्हर डीएनएस या इंटरनेटच्या पत्तावहीतली एसआरव्ही नोंद, म्हणजे त्या डोमेनचा सर्व्हर कुठे आहे ते, बघतो, समोरच्या सर्व्हरशी बहुधा 5269 या पोर्टवर जोडणी करतो आणि निरोप पोचवतो. मध्ये कुणी मालक नाही. आमच्या धंद्याचं सगळं गणित या एका गोष्टीवर उभं आहे.

हे किती चालतं ते आम्हाला गूगल टॉक या चॅट सेवेनं दाखवलं. जानेवारी 2006 मध्ये गूगलनं आपला सर्व्हर बाहेरच्या एक्सएमपीपी सर्व्हरांना खुला केला होता. त्यामुळे आमच्या ग्राहकाच्या डोमेनवरचा माणूस सरळ जीमेलवाल्याशी बोलायचा. डेमो देताना आम्ही हेच दाखवायचो आणि ऑर्डर मिळायची. 2013 मध्ये त्याच्या जागी हँगआउट्स आलं ते या जोडणीशिवाय. त्यातच एक्सएमपीपी सर्व्हर चालवणाऱ्यांनी ठरवलं, की 19 मे 2014 पासून सर्व्हर-सर्व्हरमधली जोडणी एन्क्रिप्शनशिवाय घ्यायचीच नाही. गूगलच्या बाजूनं ती सोय नव्हती, म्हणून ज्यांनी नियम पाळला त्यांचा जीमेलशी संबंध तुटला. आम्ही पाळला. आजही मला तो निर्णय बरोबरच वाटतो, पण डेमोतली हुकमी गोष्ट गेली ती गेलीच.

त्यानंतरची दोन-तीन वर्षं सांगण्यासारखी नाहीत. सगळ्यांच्या खिशात व्हॉट्सॲप आलं होतं आणि आमचं घर सीसीटीव्ही बसवण्यावर चालत होतं. गंमत म्हणजे व्हॉट्सॲपचा सर्व्हर सुरुवातीला ईजॅबरडी या एक्सएमपीपी सर्व्हरवरूनच घडवलेला, म्हणजे आमच्याच घराण्यातला. फक्त बाहेरच्यांना दार बंद.

खरी अडचण मात्र व्हॉट्सॲप नव्हतं. एक्सएमपीपी घडलं ते टेबलावरच्या कॉम्प्युटरसाठी, जिथे जोडणी सकाळी उघडते आणि संध्याकाळी मिटते. मोबाइलची जोडणी दर चौकात तुटते. वाडीतल्या एका ट्रान्सपोर्टवाल्यांच्या गाड्यांवर आम्ही हे करून पाहिलं, तेव्हा अमरावती रोडला कोंढाळीच्या पुढे गेलेल्या ड्रायव्हरला पाठवलेले निरोप कधी पोचायचे, कधी हवेत विरायचे. सर्व्हरच्या मते तो ऑनलाइन, कारण टीसीपीची, म्हणजे खालची इंटरनेटची, जोडणी मेली आहे हे कळायलाच वेळ लागतो. तेवढ्या वेळात पाठवलेलं सगळं गेलं.

यावरचे उपाय त्या वर्षांत एकेक करून पक्के होत गेले आणि आमचा धंदा परत उभा राहिला तो त्यांच्यावर. एक्सईपी-0198 मध्ये दोन्ही बाजू तुकडे मोजतात आणि मध्येमध्ये 'इथपर्यंत मिळालं' अशी पोच देतात. जोडणी तुटून परत आली, तर नवं सत्र न मांडता तोच प्रवाह पुढे चालू होतो आणि पोच न आलेलं तेवढं पुन्हा जातं. एक्सईपी-0313 मुळे सर्व्हरवर संग्रह राहतो. फोन दोन दिवस बंद असला तरी चालू झाल्यावर मागचं सगळं खेचून घेतो. 0280 मुळे फोनवरचं संभाषण ऑफिसच्या कॉम्प्युटरवरही दिसतं. 2014 मध्ये अँड्रॉइडवर कन्व्हर्सेशन्स हे ॲप आलं, त्यानं हे सगळं एकत्र बांधलं. कोंढाळीचे निरोप पोचायला लागले. आयफोनचं दुखणं वेगळं: तिथे ॲपला मागे जोडणी धरून ठेवू देत नाहीत, सगळं ॲपलच्या पुश सेवेतून यावं लागतं. मोनल आणि सिस्किन ही ॲप चांगली आहेत, पण आयफोनवाल्या ग्राहकाला मी आधीच सांगतो, निरोप कधीमधी उशिरा वाजेल.

सर्व्हर कोणता, यावर आमच्या ऑफिसात अजून वाद होतात. ओपनफायर आम्ही हळूहळू सोडला. लहान ग्राहकाला प्रोसोडी देतो. ल्युआत लिहिलेला, एक जीबी मेमरीच्या भाड्याच्या मशिनवर निवांत चालतो, आणि त्याची कॉन्फिग फाइल माणसाला वाचता येते. मोठ्याला ईजॅबरडी. तो अर्लांग भाषेत लिहिलेला आहे, 2002 पासूनचा, आणि दोन-तीन मशिन्स मिळून एकच सर्व्हर म्हणून चालवता येतो. आमच्या ऑफिसातल्या तरुण मंडळींचा जीव मॅट्रिक्स या दुसऱ्या चॅट मानकावर आहे, आणि त्यात तथ्य आहे. 2014 पासूनचं तेही खुलं मानकच, फ्रेंच सरकारचं चाप हे चॅट ॲप आणि जर्मन सैन्याचा मेसेंजर त्यावरच चालतात. पण मॅट्रिक्समध्ये खोलीत, म्हणजे ग्रुपमध्ये, सामील असलेला प्रत्येक सर्व्हर त्या खोलीच्या इतिहासाची आपापली प्रत सांभाळतो. भक्कम रचना आहे, आणि जड. सिनॅप्स हा त्याचा सर्व्हर आणि त्याखालचा पोस्टग्रेस डेटाबेस यांना लागणारी मशिन इतवारीच्या किराणा व्यापाऱ्याला परवडवून देणं मला जमत नाही. फ्रेंच सरकारचं बजेट वेगळं असतं.

पहिली काही वर्षं सर्व्हर ग्राहकाच्या जागेतच ठेवायचो. मे महिन्यात नागपूरचा पारा 45 च्या वर जातो. कळमन्यातल्या एका अडत्यांचं ऑफिस टिनाखाली, कूलरची हवा माणसांकडे, आणि आमची पेटी कोपऱ्यात धापा टाकत. त्यात एका इंटरनेट पुरवठादारानं न सांगता ग्राहकांना सामायिक आयपीच्या मागे टाकलं. बाहेरून येणारी जोडणी बंद आणि फेडरेशन, म्हणजे दुसऱ्या सर्व्हरांशी बोलणं, ठप्प. तक्रार केली तर उत्तर आलं, "यूट्यूब चालते ना?" तेव्हापासून मुंबईच्या डेटा सेंटरमध्ये भाड्यानं मशिन घेतो. ऑफिसात फक्त बॅकअप.

4 ऑक्टोबर 2021 च्या रात्री व्हॉट्सॲप आणि फेसबुक काही तास जगभर बंद पडलं. दुसऱ्या दिवशी आमच्याकडे चौकशीचे फोन सुरू झाले. त्यातल्या बहुतेकांना मी परत पाठवलं. गिऱ्हाइकांशी बोलायला व्हॉट्सॲपच हवं, कारण गिऱ्हाईक तिथेच आहे. आमचं काम घरातलं आणि ठरलेल्या दोन घरांमधलं. हिंगणा एमआयडीसीतल्या एका कारखान्याचा डिस्पॅच त्याच्या स्वतःच्या डोमेनवर आहे आणि वाडीचे ट्रान्सपोर्टवाले त्यांच्या. गाडीचा नंबर, बिल्टीचा फोटो, पोचीची वेळ सर्व्हरवरून सर्व्हरवर जाते आणि दोघांकडे आपापला संग्रह राहतो. डिस्पॅचचा माणूस नोकरी सोडून गेला की खातं बंद करून पासवर्ड बदलायचा, बोलणं कारखान्याकडेच राहतं. पूर्वी ते त्याच्या खाजगी फोनबरोबर निघून जायचं. विक्रीच्या वेळी हा एक मुद्दा बाकी सगळ्या तांत्रिक मुद्द्यांना भारी पडतो.

गुप्ततेबाबत ग्राहकाशी आधीच स्पष्ट बोलून घ्यावं लागतं. ओमेमो, म्हणजे एका फोनपासून दुसऱ्या फोनपर्यंतचं कुलूप, चालू केलं तर निरोप आम्हालाही वाचता येत नाही आणि मालकालाही नाही. नवा फोन घेतला तर जुने निरोप त्यावर दिसत नाहीत. रामदासपेठेतल्या पॅथॉलॉजी लॅबला तेच हवं होतं. ट्रान्सपोर्टवाल्यांना उलट हवं असतं, कारण माल फुटल्याचा वाद सहा महिन्यांनी निघतो. तिथे आम्ही जोडणी टीएलएसनं, म्हणजे वाटेत कुणाला वाचता येऊ नये अशी, बंदिस्त ठेवतो आणि संग्रह सर्व्हरवर वाचनीय.

"सॉफ्टवेअर फुकटाचं हाय तं पैसे कायचे घेता?" हा प्रश्न नागपुरात तरी चुकत नाही. मी यादी वाचतो. जोडणी बंदिस्त करायला लागणारं लेट्स एन्क्रिप्टचं फुकट प्रमाणपत्र 90 दिवसांत संपतं; ते आपोआप नवं होतं, पण झालं की नाही हे कुणीतरी बघावं लागतं. खुली नोंदणी बंद ठेवावी लागते, नाहीतर स्पॅमवाले रात्रीतून शेकडो खाती उघडतात. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल 2022 च्या निर्देशांप्रमाणे 180 दिवसांचे लॉग भारतात ठेवायचे असतात. बॅकअप घेणं वेगळं आणि तो परत चढवून बघणं वेगळं. यादी संपेपर्यंत समोरचा बहुधा चहा मागवतो आणि मग दर पाडायला बसतो.

करारात आमचं एक कलम ठरलेलं आहे: डोमेन ग्राहकाच्या नावावर, आणि सोडून जायचं असेल तर खाती आणि संपर्कयाद्या एक्सईपी-0227 च्या साच्यात काढून द्यायच्या. वकिलांनी कपाळाला हात लावला होता. गेल्या वर्षी एका ग्राहकानं ते कलम वापरलं आणि पुण्याच्या एका फर्मकडे गेले. आमच्याच माणसानं दोन दिवस बसून सगळं काढून दिलं. पत्ता तोच, डोमेन तेच, फक्त एसआरव्ही नोंद बदलली. पुढच्याच आठवड्यात आमच्या मदतकक्षाच्या खात्यावर त्यांचा निरोप आला, त्यांच्या नव्या सर्व्हरवरून: "भाऊ, ग्रुपमधे फोटो जाऊन नाही राहिले. बघता का जरा?" फाइल अपलोडची मर्यादा कमी ठेवली गेली होती. कोणती ओळ बदलायची ते आम्ही कळवलं. बिल लावायचं की नाही, यावर ऑफिसात अजून एकमत नाही.