नळीचा टीव्ही आणि आमचा दसरा

टीव्ही घरातून गेला 23 नोव्हेंबरला. जागचा हलवला होता 26 सप्टेंबरला. मधल्या 58 दिवसांतले 55 दिवस तो आमच्या पॅसेजमध्ये भिंतीकडे तोंड करून उभा होता आणि उरलेले 3 जिन्याखाली. घर आवरण्याबद्दल मला जे काही कळलंय ते बरंचसं त्याच्याच कृपेने.

आम्ही दरवर्षी दसरा काढतो. घटस्थापनेच्या आधी गोधड्या-चादरी धुवायच्या, डबे घासायचे, जळमटं झाडायची, पंखे पुसायचे. मग धुतलेलं, पुसलेलं सगळं परत त्याच माळ्यावर. 2024 ची घटस्थापना 3 ऑक्टोबरला होती आणि मी ठरवलं की यंदा नुसतं धुवायचं नाही, काढायचं. त्यासाठी पितृपक्ष मुद्दाम निवडला. या पंधरवड्यात नवीन काही घरात आणायचं नसतं, त्यामुळे सासूबाईंपुढे मला आयताच मुद्दा मिळाला. "आई, आणायचं नाही ना, मग काढू तरी." त्या हसल्या आणि म्हणाल्या, "काढ, पण मला दाखवून काढ."

माळा एका शनिवारात झाला. श्रीखंडाचे 14 डबे, त्यातल्या 9 ना झाकणं नाहीत. पिशव्यांनी भरलेल्या पिशव्या. मुलाच्या बालवाडीचं स्वेटर राहिलं, त्याच्या दहावीच्या गाइडांनी रद्दीचा रस्ता धरला. तांब्याचा बंब नणंद हौसेने घेऊन गेली. पितळी घंगाळ सासूबाईंनी दिलं नाही, पण माळ्यावर परतही जाऊ दिलं नाही, आता त्यात कांदे-बटाटे असतात. एवढं सगळं सहज झालं त्यात माझं कर्तृत्व काही नाही. या वस्तूंना बाहेर पडायची वाट ठरलेली होती, रद्दीवाला तरी नाहीतर नणंद तरी.

जुन्या कपड्यांनी मात्र चकवलं. बोहारणीला गाठोडं दिलं, मी फोनवर होते, तेवढ्यात सासूबाईंनी घासाघीस करून बदल्यात स्टीलचं पातेलं घेतलं. आमच्याकडे आधीच सात. म्हणजे कपाटातली अडगळ रूप बदलून ओट्यावर आली. आता बोहारीण आली की मी फोन घेत नाही.

आणि मग टीव्ही.

21 इंची, नळीचा. सासऱ्यांनी 1996 च्या वर्ल्ड कपच्या आधी हप्त्यांवर घेतलेला. 2015 साली भिंतीवर पातळ टीव्ही लागला तेव्हापासून हा आतल्या खोलीत क्रोशाचा रुमाल पांघरून बसलेला. त्या वेळी दुकानदार जुना घेऊन 1000 रुपये कमी करत होता. "चालू आहे तो, कशाला द्यायचा?" असं म्हणणाऱ्यांत मीही होते, हे इथे कबूल करते. नवीन वस्तू घेताना दुकान जुनी घेत असेल तर त्याच दिवशी देऊन टाका. ती वाट एकदाच उघडते.

नऊ वर्षांनी भंगारवाल्याला बोलावलं. तीन मजले चढून आला (आमची बिल्डिंग 1987 ची, लिफ्ट नाही), मागच्या फुगीर भागावर टिचकी मारली आणि म्हणाला, "ताई, यात काय नाय. नुसती काच हाय. फ्रीज असंल तर सांगा." दुसरा म्हणाला, 200 रुपये द्या, नेतो. नेऊन काय करणार म्हणून विचारलं, तर, "फोडायचा, तांबं काढायचं. बाकीचं टाकायचं कुठंतरी." तिथे मी अडले. नळीच्या मागच्या नरसाळ्यासारख्या काचेत शिसं असतं आणि पडद्याच्या आतून फॉस्फरचा थर. हे मुलानेच वाचून दाखवलं आणि वर म्हणाला, "आपण पैसे देऊन नदीकाठी शिसं टाकणार का?" 17 वर्षांच्या मुलापुढे उत्तर नसतं तेव्हा आई चहा ठेवते. मी चहा ठेवला.

म्हणून रीतसर मार्ग. ई-कचऱ्याचे 2022 चे नियम 1 एप्रिल 2023 पासून लागू आहेत. जुन्या यंत्रांची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, आणि नोंदणी झालेल्या पुनर्चक्रण करणाऱ्यांची यादी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे असते. कागदावर छान आहे हे. आमच्या टीव्हीवर ज्या कंपनीचं नाव होतं ती या धंद्यातून कधीच बाहेर पडलेली. मग घरून ई-कचरा नेणारी एक संस्था शोधली. तिचं नाव घेत नाही, पण तिची फोनवरची ट्यून मला अजून झोपेत ऐकू येते.

आधी फॉर्म. चारही बाजूंनी फोटो, मागच्या स्टिकरवरचा मॉडेल नंबर. स्टिकर 28 वर्षांचा, त्यावर फक्त "मेड इन" एवढंच उरलेलं. "फोटो क्लिअर नाही" म्हणून फॉर्म दोनदा परत आला. तिसऱ्यांदा मी नंबरच्या जागी सासऱ्यांची जन्मतारीख टाकली. फॉर्म मंजूर झाला.

मग फोन. "मॅडम, वजन किती?" म्हटलं, असेल 25 किलो. "50 च्या खाली गाडी येत नाही." हे फॉर्ममध्ये कुठेच नव्हतं.

मी चिडले आणि चिडून सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं: कोणाकडे बिघडलेल्या विजेच्या वस्तू असतील तर माझ्याकडे आणून द्या. दोन दिवसांत सहा घरांतून आलं. दोन मिक्सर, यूपीएस, प्रिंटर, गीझर, डीव्हीडी प्लेअर, वायर नसलेली इस्त्री, आणि इस्त्री नसलेली एक वायर. एका काकूंनी फुटकी बादली आणली, "हे पण जाईल ना गं त्यात?" घर आवरायला निघालेली मी, आणि सहा घरांची अडगळ माझ्या पॅसेजमध्ये. सासूबाई रोज सकाळी देवाला फुलं वाहून झाली की तिकडे एक नजर टाकत आणि काही बोलत नसत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

वजन करायला घरातला माणसांचा काटा. नवरा एकेक वस्तू कडेवर घेऊन त्यावर उभा राहायचा, मुलगा आकडा वाचायचा, त्यातून नवऱ्याचं वजन वजा. बाकीचं 38 भरलं, टीव्ही 25. एकूण 63. नवऱ्याचंही वजन या निमित्ताने घरात जाहीर झालं, त्याला ते अजून खुपतं.

पहिली तारीख 9 ऑक्टोबर. मी अर्धी रजा टाकली. संध्याकाळी सहाला फोन, रूट बदलला. दुसरी 28 ऑक्टोबर, वसुबारस. टेम्पो आला खरा. ड्रायव्हरने खालूनच वर पाहिलं. "तिसरा? लिफ्ट नाय? मग खाली आणून ठेवायचं, आम्ही वर येत नाय." टेम्पो गेला. मी गॅलरीत, हातात चकलीचा सोऱ्या. आख्खी दिवाळी टीव्ही पॅसेजमध्ये. फराळाला आलेला प्रत्येक जण त्याला वळसा घालून आत येई आणि "नवीन घेतला का?" असं विचारून आपणच हसे. तुळशीचं लग्न लागलं, तरी तो तिथेच.

तिसरी तारीख त्यांनीच दिली, 20 नोव्हेंबर. सकाळी नवऱ्याने आणि मुलाने टीव्ही चादरीत बांधून झोळीसारखा खाली नेला, बाकीचं मी पाच खेपांत. दहाला फोन केला. "आज मतदान आहे ना मॅडम, गाडी नाही." मी बोटाला शाई लावून आले तेव्हा सूचना फलकावर कागद लागला होता: जिन्याखाली अडगळ ठेवू नये. नाव कोणाचंच नव्हतं. त्या अडगळीत सेक्रेटरींच्याच घरचा प्रिंटर होता.

23 तारखेला, निकालाचे फटाके वाजत असताना, दोन पोरं आली आणि सहा मिनिटांत सगळं घेऊन गेली. टीव्हीचे शून्य, बाकीच्याचे किलोला 10 प्रमाणे 380 रुपये. पावती मागितल्यावरच मिळाली, तीही आठवड्याने. मी जिन्यात उभी राहून टेम्पो कोपऱ्यावर वळेपर्यंत बघितलं. सुटल्यासारखं वाटलं, आणि सासऱ्यांची आठवण आली, दोन्ही एकदम.

तुम्हाला कोणाला हे करायचं असेल तर पहिल्याच फोनवर तीन गोष्टी विचारा: किमान वजन किती, वरच्या मजल्यावर येता का, नेणारं नोंदणीकृत आहे का. जुना कॉम्प्युटर असेल तर हार्ड डिस्क आधी काढून घ्या. आणि शेजाऱ्यांचं सामान तारीख पक्की झाल्यावरच घ्या, आधी नाही. नाही म्हणजे नाही.

सवयींचं म्हणाल, तर त्या 55 दिवसांत मी एक बघत होते. टीव्हीच्या डोक्यावर आधी नवऱ्याचं हेल्मेट आलं. मग कुरिअरचा खोका, मग दूधवाल्याचं बिल, लिंबांची पिशवी, मुलाची बॅडमिंटनची रॅकेट. कोणी ठरवून ठेवत नव्हतं. सपाट जागा दिसली की घरातलं माणूस हातातलं टेकवतंच. तेव्हा मी भाजीची जुनी टोपली काढली. रात्री जेवणं झाली की ओट्यापासून पुढच्या दारापर्यंत एक फेरी मारायची, जागेवर नसलेलं सगळं टोपलीत, आणि टोपली ज्याची वस्तू त्याच्या पुढ्यात. ओरडायचं नाही. पहिल्या रात्री निघालं ते असं: चष्म्याची दोन घरं, एक मोजा, औषधाची अर्धी पट्टी, तीन पेनं, अडकित्ता, आणि माझंच पैंजण, जे मी महिनाभर शोधत होते. 12 मिनिटं लागली होती. आता चार लागतात. मुलाच्या खोलीत मी जात नाही, ती लढाई मी सोडून दिली आहे.

दाराच्या मागच्या खिळ्याला एक कापडी पिशवी अडकवली आहे, जाणाऱ्या वस्तूंची. रद्दी महिन्याच्या पहिल्या रविवारी, रद्दीवाल्याशी तसं बोलून ठेवलंय. कपड्यांच्या खुर्चीचं काय करायचं विचाराल तर खुर्चीच काढा, मी तीच नणंदेला बंबाबरोबर दिली. घोकून घोकून ती सवय लागत नाही.

आणि हो, वाण. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवाला जायचं म्हणजे गाळण्या, चिमटे आणि प्लास्टिकच्या डब्या घरी आणायच्या. एका वर्षी मोजले तर 23 निघाले. "नको" तर म्हणता येत नाही, सवाष्णीने वाण नाकारायचं कसं? म्हणून 2025 ला मी निदान लुटायचं ते संपणारं लुटलं, पाव किलो गूळ आणि शेंगदाणे. "हे काय वाण?" असं एकीने विचारलंच. तिच्याच घरी मला परवा तो गूळ घातलेला चहा मिळाला. माझी डबी मात्र तिच्याकडे नाही, एवढं समाधान.

टीव्ही होता त्या भिंतीवर फिका चौकोन राहिलाय. सासूबाई म्हणतात तिथे एक छोटं टेबल बसेल. मी ऐकलं नाही असं दाखवते.

गेल्या आठवड्यात पहिल्या मजल्यावरच्या काकूंचा फोन आला. "तुझ्याकडे तो टेम्पोवाला आहे ना गं? आमचा जुना फ्रीज..." मी नंबर दिला. फ्रीज भंगारवालाही नेईल हेही सांगितलं. "तोपर्यंत तुझ्या पॅसेजमध्ये..." असं त्या म्हणाल्या आणि मी म्हटलं, काकू, कुकर झालाय, ठेवते.