गुरू करावा पाहून

आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर अधूनमधून एक गरुड येतो. चाळिशीला पोचला की त्याची चोच वाकते, नख्या बोथट होतात, पिसं जड होतात. मग तो डोंगरावर जाऊन बसतो, खडकावर आपटून चोच तोडतो, नवी फुटली की तिनं नख्या उपटतो, मग पिसं. दीडशे दिवसांनी नवा जन्म, आणि पुढं आणखी तीस वर्षं. खाली हात जोडलेल्या इमोजींची रांग. निवृत्तीला टेकलेल्या काकांचा तर हा गरुड फारच लाडका.

आता चोच म्हणजे आत हाड आणि वरून आपल्या नखांच्याच जातीचं आवरण. ते जन्मभर वाढत राहतं आणि खाता-घासताना झिजत राहतं. पिसंही गरुड थोडीथोडी करून टाकतो, उडणं अडू नये म्हणून. चोच मोडलेल्या गरुडाला मांसच फाडता यायचं नाही. दीडशे दिवसांचं तप बाजूलाच राहिलं, तो उपाशी मरेल. शिवाय रानात चाळिशी गाठणारा गरुड मुळात विरळा. पण गोष्ट लिहिणाऱ्याला शिकवण आधीच ठरवून टाकायची होती, पक्षी नंतर हुडकला. तिथं उंट असता तरी चाललं असतं.

पशुपक्ष्यांकडून शिकवण घेण्याचं हे काम आपल्याकडं कितीतरी बऱ्या रीतीनं होऊन गेलंय. भागवताच्या अकराव्या स्कंधात यदुराजाला एक अवधूत भेटतो. इतका आनंदात कसा, असं राजानं विचारल्यावर तो आपल्या २४ गुरूंची यादीच सांगतो. दत्त संप्रदायानं या अवधूताला दत्तात्रेयच मानलं; एकनाथांनी १५७३ साली काशीत पूर्ण केलेल्या या स्कंधावरच्या आपल्या टीकेत, म्हणजे ओवीबद्ध विवरणात, या गुरूंवर ओव्यांमागून ओव्या खर्ची घातल्या. यादीत पृथ्वी, वारा, समुद्र आहेत, पण निम्म्याच्या आसपास गुरू पशुपक्षी आणि किडेमुंग्यांपैकी. आणि अवधूत प्रामाणिक आहे. हे गुरू मी माझ्या बुद्धीनं केले, असं तो सुरुवातीलाच सांगून टाकतो. म्हणजे अजगरानं त्याला अनुग्रह वगैरे काही दिलेला नाही.

पाहणं मात्र पक्कं. साप स्वतः घर बांधत नाही, दुसऱ्यानं केलेल्या बिळात सुखानं राहतो, हे त्यानं टिपलंय. वारूळ वाळवीचं आणि नाव नागोबाचं, हे आपल्या गावांनाही ठाऊक असतं. घर बांधण्याचा खटाटोप दुःखाचाच, हा त्यावरचा त्याचा निष्कर्ष गृहकर्जाचे हप्ते भरणाऱ्यानं वाचू नये.

हरीण आणि हत्तीपाशी माझं त्याच्याशी थोडं बिनसतं. हरीण गाण्याला भुलून पकडलं जातं, हत्ती हत्तिणीच्या स्पर्शाला. म्हणून साधकानं कान आणि त्वचा सांभाळावी. ठीक. पण दोन्हीकडं सापळा माणसानं लावलाय. त्यातून काही शिकायचं तर ते शिकाऱ्यानं का शिकू नये?

अजगराचं उलट आहे. पुढ्यात येईल ते खावं, नाही आलं तर पडून राहावं, एवढंच अवधूतानं त्याच्याकडून घेतलं. पडून राहणं खरंच आहे. एका मोठ्या शिकारीनंतर अजगर कितीतरी आठवडे काही न खाता काढतो. पण मादी अंड्यांवर वेटोळं घालून बसते तेव्हा अंगाचे स्नायू सारखे आखडते-सोडते, थरथरते, आणि त्या थरथरीतून अंड्यांना ऊब देते. सापाचं रक्त थंड म्हणतात, आणि ही अंग कामाला लावून ऊब तयार करते. तेही साधारण दोन महिने, बहुधा उपाशीच. बाहेरून पाहणाऱ्याला तीही आळशीच दिसणार. अवधूताला ही दिसली असती तर अजगराची शिकवण बदलली असती, असं मला राहून राहून वाटतं.

त्याचा कुरर पक्षी मात्र मला हर्णे बंदरावर भेटला. चोचीत मांसाचा तुकडा असलेल्या कुररावर इतर बलवान पक्षी तुटून पडतात. तो तुकडा टाकतो आणि सुखी होतो, अशी ती गोष्ट. हर्णेला संध्याकाळी वाळूवर मासळीचा लिलाव चालतो तेव्हा वर घारी फिरत असतात. एक तांबूस, पांढऱ्या डोक्याची ब्राह्मणी घार खाली झेपावली आणि पाण्याच्या कडेचा बांगडा पंजात घेऊन उठली. लगेच दोन काळपट घारी तिच्या मागं. ती वळली की त्या वळायच्या, ती खाली आली की त्या शेपटाशी. खालून कावळेही ओरडत निघाले. शेवटी पंजा सुटला. बांगडा खाली पडायच्या आत एका काळपट घारीनं तो झेलला, आणि सगळी फौज तिच्यामागं लागली. ब्राह्मणी घारीकडं आता कुणी ढुंकून पाहीना. पंख पसरून ती मोकळी, सैल, वर वर चढत गेली. भागवतात लिहिलंय तस्संच.

मी कौतुकानं पाहत होतो. शेजारी मांदेलीची टोपली घेऊन बसलेल्या मावशी मात्र टोपलीवर फडकं ओढत म्हणाल्या, "आता इथं येल ती."

आणि आलीच. एक मोठी गिरकी घेऊन, थेट.

भागवतातल्या कुररानं त्या दिवशी पुढं काय खाल्लं, हे अवधूतानं सांगितलेलं नाही. यदुराजानंही विचारलं नाही.