स्वीडिश 'फो': मिळतं, चालतं आणि करावंही लागतं

स्वीडिश शिकताना पहिल्याच आठवड्यात 'फो' हे क्रियापद भेटतं. वर्तमानकाळात 'फोर', भूतकाळात 'फिक', आणि पूर्ण काळात 'हार' या साहाय्यक क्रियापदाच्या पुढे 'फॉत'. कर्ता कुणीही असो, रूप तेच राहतं. 'फो'चा ओ चांगला लांबवायचा, 'फॉत'चा स्वर मात्र आखूड आणि त दंत्य, आपल्यासारखाच.

याचा मूळ अर्थ 'पकडणे'. जर्मन 'फांगेन' (पकडणे) आणि स्वीडिश 'फॉङे' (कैदी) हे त्याच कुळातले. सगळ्यांच्या मागे बांधणे, घट्ट बसवणे या अर्थाचं जे प्राचीन मूळ मानतात, त्यातूनच संस्कृत 'पाश' आला, म्हणजे आपलंही लांबचं नातं आहे. पकडलं ते हाती आलं, म्हणून 'मिळणे'. करायला मिळालं, म्हणून मुभा. आणि वाट्याला आलं ते करावंही लागलं.

या शेवटच्या अर्थाशीच बहुतेकजण अडखळतात. 'फोर याग गो?' म्हणजे 'मी जाऊ का?'. पण 'याग फिक वेन्ता' म्हणजे बहुतेक वेळा 'मला थांबावं लागलं'. मराठीत 'मिळणे' आणि 'लागणे' वेगळे. इथे एकच शब्द दोन्ही कामं करतो आणि अर्थ प्रसंगावरून लावायचा. तासभर रांगेत थांबायला कुणी परवानगी मागत नाही, एवढं ध्यानात घेतलं की पुरतं. 'वी फोर से' तर आपलं सरळ 'बघू'.

नकार आला की गोंधळ मिटतो. 'फोर इन्ते' म्हणजे मनाई. 'दू फोर इन्ते रोका हेर': इथे धूम्रपान करायचं नाही. 'करावं लागलं नाही' म्हणायला 'फिक इन्ते' वापरलंत तर ऐकणाऱ्याला वाटेल, तुम्हाला कुणी करूच दिलं नाही. त्यासाठी 'स्लिप्पा' हे सुंदर क्रियापद आहे: 'याग स्लाप वेन्ता', थांबण्यातून सुटलो. ही जोडी एकत्रच पाठ करावी.

'फो बार्न' म्हणजे मूल होणे. यावरून स्वीडिश मुलांचं आवडतं वाक्य: 'फोर फोर फोर? ने, फोर फोर इन्ते फोर, फोर फोर लम्म.' मेंढीला मेंढी होते का? नाही, मेंढीला कोकरू होतं. मेंढीचा 'फोर' हा वेगळाच शब्द, उच्चार मात्र सारखा.

आणखी एक चूक 'अत'ची, म्हणजे इंग्रजी 'टू'सारखा क्रियापदाच्या मूळ रूपाआधी येणारा जो छोटा शब्द, त्याची. परवानगीच्या किंवा सक्तीच्या अर्थी 'फो'नंतर लगेच दुसरं क्रियापद येतं, मध्ये 'अत' घालायचा नाही. 'अत' येतो तो कुणाकडून काही करवून घेताना, आणि तेव्हा मध्ये माणूस लागतो: 'याग फिक होनोम अत स्क्रात्ता', मी त्याला हसवलं. आपल्याकडे जिथे 'हसवणे', 'बोलवणे', 'करवणे' अशी प्रयोजक रूपं येतात, तिथे बऱ्याचदा ही रचना चालते.