औषध नाही गं, हळद आहे

रक्त गरागरा फिरवणाऱ्या सेंट्रिफ्यूजमधून नळी काढली आणि आधी खिडकीपाशी नेली. निरोगी माणसाचं सिरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वर उरणारा द्रव, फिकट पिवळसर, वाळल्या गवताच्या रंगाचं असतं. हे मोहरीच्या तेलासारखं दिसत होतं. इंदूरच्या लॅबमध्ये अठरा वर्षं काढल्यावर अशा नळीचं बिलिरुबिन, म्हणजे काविळीत वाढणारं पिवळं द्रव्य, मशीनला विचारायची फारशी गरज राहत नाही. तरी विचारलं. ९.४. एसजीपीटी, म्हणजे यकृत दुखावलं की रक्तात वाढणारं एन्झाइम, मात्र मशीनने दिलाच नाही, आवाक्याबाहेरची खूण करून मोकळं झालं. सलाइन घालून दहापट पातळ केलं, पुन्हा लावलं. १,२८६. आमच्याकडे ४० च्या आतला आकडा नॉर्मल धरतात.

मग फॉर्मवरचं नाव वाचलं. आमच्याच रामबागेतल्या काकू, वय ६१. ‘चालू औषधं’ या रकान्यात सॅम्पल आणणाऱ्या मुलाने लिहिलं होतं, ‘काही नाही’. पोरगा चोख आहे, न विचारता काही लिहीत नाही.

डॉक्टरांना लगेच फोन केला. आमच्याकडे अशी नळी आली की पहिला संशय पाण्यावर जातो, म्हणजे हिपॅटायटिस ए नाहीतर ई. त्या दोन्हींच्या तपासण्या, सोबत बी, सी आणि रक्त गोठायला किती वेळ लागतो ते पाहणारी पीटी-आयएनआर त्यांनी सांगितली. दुसरं सॅम्पल मीच आणते म्हटलं, घर रस्त्यातच आहे.

काकू पलंगावर बसून दंड खाजवत होत्या. दोन आठवडे अन्नावर वासना नाही, लघवी काळ्या चहासारखी. काकांनी उसाचा रस आणून ठेवला होता आणि शेजारच्या भाभीजी ‘पीलिया झडवाने’ कुणाकडे न्यायचं ते समजावत होत्या. चुन्याच्या पाण्यात हात धुवायचे, पाणी पिवळं झालं की कावीळ उतरली. मी गप्प राहून रक्त घेतलं. भाभीजींशी वाद घालून मी आजवर एकदाही जिंकलेले नाही.

हात धुवायला स्वयंपाकघरात गेले, तर फ्रिजवर जाडजूड पांढरी बाटली.

“काकू, ही कुणाची?”

“माझीच. गुडघ्यांसाठी लेकीने पुण्याहून ऑनलाइन पाठवलीय. तिसरी बाटली आहे. का गं?”

“मग आमच्या मुलाला सांगितलं नाहीत?”

“त्याने औषध विचारलं. हे औषध नाही गं, हळद आहे!”

बाटली फिरवून पाहिली. खरंच, ठळक इंग्रजीत छापलं होतं की औषधी उपयोगासाठी नाही. फूड सप्लिमेंटवर तसं छापावंच लागतं. काकूंचं काय चुकलं? बाटली जे म्हणत होती, तेच त्याही म्हणत होत्या.

लेबलचा फोटो काढून डॉक्टरांना पाठवला आणि रात्री जेवताना आकडेमोड करत बसले. एका कॅप्सूलमध्ये ५०० मिलिग्रॅम अर्क, त्यात ९५ टक्के करक्युमिनॉइड्स, म्हणजे हळदीतली पिवळी द्रव्यं. आपल्या डब्यातल्या हळदीत ते जेमतेम ३ टक्के असतात. म्हणजे एक कॅप्सूल सुमारे १६ ग्रॅम हळदीच्या बरोबरीची. काकू रोज दोन घेत होत्या, म्हणजे दहाएक चमचे हळद. आमच्याकडे चार माणसांच्या वरणात पाव चमचा पडते.

त्यावर काळ्या मिरीचा अर्क, पिपरिन. तो उगाच घालत नाहीत. करक्युमिन, म्हणजे त्या पिवळ्या द्रव्यांतलं मुख्य, एरवी अंगी फार कमी लागतं. आतडं आणि यकृत त्याला ग्लुक्युरॉनिक आम्ल जोडतात आणि बाहेर घालवतात. पिपरिन नेमकं तेच काम अडवतं. १९९८ मध्ये बंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजातल्या संशोधकांनी माणसांवर तपासलं होतं, तर पिपरिनसोबत करक्युमिनची रक्तातली उपलब्धता २,००० टक्क्यांनी वाढली. जाहिरातीत हा आकडा मोठ्या अभिमानाने छापतात. मला त्या रात्री तो वाचून घास गिळवेना.

ए, ई, बी, सी सगळे निगेटिव्ह आले. सोनोग्राफीत पित्ताचा खडा नाही, शरीर स्वतःवरच उलटलंय का ते पाहणारी एएनए तपासणीही निगेटिव्ह. आयएनआर १.१ होता. रक्त गोठवणारे बरेचसे घटक यकृतच तयार करतं, म्हणून डॉक्टरांचं सगळं लक्ष त्याच आकड्यावर होतं. तो चढला असता तर काकूंना त्याच दिवशी भरती केलं असतं. कॅप्सूल बंद, बाकी नुसती पाळत.

खरं सांगायचं तर हळदीने असं होईल यावर माझाही विश्वास बसत नव्हता. खोकला आला की आईने हळद-दूध देऊन वाढवलेली मी. डॉक्टरांनीच सांगितलं की इटलीत २०१९ मध्ये अशा रुग्णांची रांगच लागली आणि तिथल्या सरकारला इशारा काढावा लागला. अमेरिकेतल्या डॉक्टरांनी २०२२ मध्ये १० रुग्णांची हकीकत छापली, त्यातल्या सात जणांत एचएलए-बी*३५:०१ हा एकच जनुक-प्रकार सापडला. म्हणजे हजारो जण हीच कॅप्सूल घेऊन ठणठणीत राहतील आणि एखादीच काकू पिवळी पडेल. काकूंची ती तपासणी झाली नाही. हळदच कारण, हे शंभर टक्के सिद्ध करायचं तर कॅप्सूल पुन्हा देऊन पाहायला हवी, आणि ते कोण करणार?

“हळदीचाच रंग चढला का अंगावर?” हे काकूंनी मला तीनदा विचारलं. नाही हो, तो बिलिरुबिनचा. यकृत दुखावलं की ते रक्तात साचतं. पुण्याहून लेकीचा फोन आला, तो मात्र निभावणं जड गेलं. ती एकच म्हणत राहिली, “रेटिंग बघून घेतली होती हो मी.”

सॅम्पल आणणाऱ्या मुलाला आता सांगून ठेवलंय की औषध विचारायचंच, पण पुढे चूर्ण, काढा, पावडर, कॅप्सूल, मुलांनी पाठवलेलं काही, असं एकेक नाव घेऊन विचारायचं. फॉर्मवर जागा नाही, तो मागच्या बाजूला लिहितो.

पंधरा दिवसांत एसजीपीटी ४१० वर आला, नवव्या आठवड्यात ३६ वर. त्या दिवशी काकू स्वतः चालत लॅबमध्ये आल्या आणि नळी दाखव म्हणाल्या. दाखवली, गवती रंगाची. वरणात हळद घालायला डॉक्टरांनी हरकत घेतली नव्हती, त्याने त्या खूश होत्या. मग पिशवीतून ती बाटली काढली.

“चौदा उरल्यात. फोडून थोडी थोडी भाजीत घातली तर? साडेआठशेची आहे गं.”

बाटली त्यांच्या हातातून काढून घेतली. अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.