पाचवा रकाना

मंगळवार, रात्र

आजचा दिवस एका ओळीच्या मागे गेला. डिस्क ९० टक्क्यांच्या वर गेली की कळवायचं, एवढंच त्या स्क्रिप्टचं काम. डीएफ म्हणजे डिस्क किती भरली ते सांगणारी कमांड; तिचं आउटपुट ऑकला, म्हणजे ओळी रकान्यांत फोडणाऱ्या कमांडला, पाइप करायचं (थेट जोडून द्यायचं), पाचवा रकाना, म्हणजे भरल्याची टक्केवारी, ९० पेक्षा मोठा असेल तर सहावा, म्हणजे माउंट पॉइंट (डिस्क ज्या फोल्डरला जोडलीय तो), छापायचा. माझ्या लिनक्सवर हे कित्येक महिने बिनबोभाट चाललं. काल बिझीबॉक्सवाल्या (छोट्या मशीनसाठी नेहमीच्या कमांड्सचा आटोपशीर संच) एका छोट्या मशीनची डिस्क काठोकाठ भरली आणि स्क्रिप्टने चकार शब्द काढला नाही.

आउटपुट तसंच्या तसं स्क्रीनवर काढून पाहिलं तेव्हा उलगडा झाला. डिव्हाइसचं नाव लांबलचक होतं. रकान्यात मावत नसलं की बिझीबॉक्सचा डीएफ नावापाशीच ओळ तोडतो आणि आकडे खालच्या ओळीत टाकतो. म्हणजे पाचव्या जागी टक्केवारी नाही, माउंट पॉइंट! ऑकने ‘/डेटा’चा आकडा केला, तो झाला शून्य. एरर कसली येणार? स्क्रिप्ट धाडकन कोसळली असती तरी चाललं असतं. सगळं आलबेल असल्यासारखी ती गप्प राहिली, याने मी हादरलो.

औषध पॉझिक्समध्येच, म्हणजे युनिक्ससारख्या सिस्टिम्सच्या सामाईक मानकातच, होतं: डीएफ -पी. एका फाइलसिस्टिमला (जोडलेल्या एका साठ्याला) एकच ओळ, रकान्यांचा क्रम ठरलेला. ब्लॉक ५१२ बाइटचा धरतात, १०२४चा हवा तर सोबत -के. एलसी_ऑल=सी ही भाषेची सेटिंग सुद्धा लावली, म्हणजे मशीनची भाषा कुठलीही असो, आउटपुट तेच.

मग मॅकवर चालवलं आणि पुन्हा अडलं. तिथे एका फाइलसिस्टिमचं नावच ‘मॅप ऑटो_होम’, मधे स्पेस! रकाने एकाने सरकले. तेव्हा रकाने मोजणं सोडलंच. आता ऑक डावीकडून नुसते अंक आणि शेवटी टक्क्याचं चिन्ह असलेला पहिला रकाना शोधतो. त्याच्या पुढचं सगळं माउंट पॉइंट, त्यात स्पेस असली तरी.

निजण्याआधी अजून एक बदल केला. पाइपचा एक्झिट स्टेटस (काम जमलं की नाही ते सांगणारा आकडा, शून्य म्हणजे जमलं) शेवटच्या कमांडचा असतो, त्यामुळे डीएफ फसला तरी ऑक खुशाल शून्य देतो. म्हणून आधी डीएफचं आउटपुट व्हेरिएबलमध्ये घेतो, स्टेटस तपासतो, मगच ऑककडे देतो.

डॅश (कमांड चालवणारा एक साधा शेल), बिझीबॉक्स, मॅक, तिन्हीकडे चालवून पाहिलं. छोट्या मशीनने आत्ता छापलं: /डेटा, ९७.