तंतू शाबूत होता

नसांच्या तपासणीच्या खोलीत माझं काम असतं. हातापायाच्या नसेला विजेचा हलका झटका द्यायचा आणि तो स्नायूपर्यंत किती वेळात, किती जोरात पोचतो ते पडद्यावर बघायचं.

त्या दिवशी तिशीतल्या एक बाई व्हीलचेअरवरून आल्या. दोन आठवड्यांपूर्वी सर्दी-खोकला झाला होता. मग तळपायांना मुंग्या, चार दिवसांत जिना चढवेना, आणि त्या सकाळी पेलाही धरवेना. आधी कुणीतरी अशक्तपणा म्हणून टॉनिक देऊन परत पाठवलं होतं, याचा मला आजही राग येतो. गुडघ्यावर हातोडी मारून पाहिली असती, तरी पाय जागचा हलत नाही हे कळलं असतं.

"ताई, माझे स्नायू मेलेत का?" त्यांनी विचारलं.

"तेच बघू या," मी म्हटलं.

मनगटावर झटका दिला. अंगठा टणकन उडाला. पडद्यावरची लाट 8 मिलिव्होल्ट उंच, पण उमटायला 7 मिलिसेकंद लागले. एरवी चारच्या आसपास लागतात. मग कोपरावर दिला. नस तीच, स्नायू तोच, पण लाट जेमतेम 2 मिलिव्होल्टची, पसरट, दातेरी. वेग सेकंदाला 28 मीटर. निरोगी हातात तो साधारण 50 च्या वर असतो. गार हातात वेग कमी दिसतो, म्हणून हात शेकून, इलेक्ट्रोड पुन्हा चिकटवून पाहिलं. आकडा हलला नाही.

मज्जारज्जूतल्या चेतापेशीचा तंतू अंगठ्याच्या स्नायूपर्यंत सलग येतो. पावलाकडे जाणारा तर जवळजवळ मीटरभर लांब असतो. त्याच्यावर श्वान (Schwann) पेशी ओळीने बसलेल्या असतात. एकेकीच्या वाट्याला फार तर मिलिमीटरभर तुकडा, आणि त्याभोवती ती आपलंच पटल थरावर थर गुंडाळत जाते. तेच मायलिन. दोन तुकड्यांमध्ये उघडी खाच राहते, मिलिमीटरच्या साधारण हजाराव्या भागाएवढी. सोडियम आत घेणाऱ्या वाटा तिथेच दाटीने असतात. संदेश एका खाचेत पेटतो आणि थेट पुढच्या खाचेत उडी घेतो. मायलिन उसवलं की वीज मधेच गळते. पुढची खाच उशिरा पेटते, किंवा पेटतच नाही.

बाईंच्या कोपर ते मनगट या टप्प्यात बहुतेक तंतूंचं हेच झालं होतं. पण मनगटापुढे तंतू जिवंत होता, स्नायूही. ती 8 मिलिव्होल्टची लाट बघून मला केवढा धीर आला! तंतूच तुटला असता तर तो दिवसाला जेमतेम मिलिमीटरभर वाढत आला असता. श्वान पेशी मात्र पुन्हा वाढतात, पुन्हा गुंडाळतात.

निदान गियाँ-बारे सिंड्रोमचं, म्हणजे जीबीएसचं झालं: शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच नसांवर उलटते. श्वासाच्या स्नायूंपर्यंत ते पोचू शकतं, म्हणून त्यांना लगेच अतिदक्षता विभागात हलवलं आणि संध्याकाळी इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे दात्यांच्या रक्तातून काढलेली प्रतिपिंडं, सुरू झालं.

चार महिन्यांनी त्या भिंतीला हात लावत, पण आपल्या पायांनी खोलीत आल्या. कोपरावर झटका दिला. लाट 7 मिलिव्होल्ट, वेग 41.

"पन्नास कधी होणार?" त्यांनी विचारलं.

मी खरं तेच सांगितलं. नवं मायलिन पातळ असतं, तुकडेही आखूड पडतात, त्यामुळे वेग कदाचित थोडा कमीच राहील. त्यांनी अंगठा दोनदा वाकवून पाहिला आणि म्हणाल्या, "मला पेला धरता येतो, ताई."

मी दोन्ही दिवसांच्या लाटा पडद्यावर शेजारी शेजारी लावून त्यांना दाखवल्या.